सवारी सुपूर्द

१२ नोव्हेंबर १९५६, सोमवार

आज पक्कं झालं. उज्जैनचा मोटरसायकल पायलट मीच. पोलीस लाइनीत हजेरीच्या वेळी आर. आय., म्हणजे रिझर्व्ह इन्स्पेक्टर साहेबांनी सगळ्यांसमोर तसं जाहीर केलं आणि वर म्हणाले, नवं राज्य, नवा पायलट, आता जुन्या रडकथा बंद. जुन्या रडकथा कसल्या ते कुणी सांगितलं नाही. सगळे हसले, म्हणून मीही हसलो.

जबलपूरला असताना राज्यांची पुनर्रचना ही मला वर्तमानपत्रातली गोष्ट वाटायची. दिवाळी झाली आणि तिनं आमचं बिऱ्हाडच उचलून इकडे आणून टाकलं. विनोदिनी प्रवासभर भांड्यांच्या पोत्याला टेकून बसली होती. पण सकाळी स्टेशनाबाहेर पोहे-जिलबी खाल्ली आणि तिचा चेहरा फुलला. शैलूनं शेव आणखी मागितली. पोहेवाल्यानं तिला बाईसाहेब म्हणून मूठभर घातली. पाच वर्षांची पोर, तेवढ्यावर गाव तिचं झालं.

काम दोन तऱ्हेचं आहे. मंत्री आणि बडे साहेब येतील त्यांच्या गाडीपुढे चालायचं. आणि इंदूरच्या मोठ्या इस्पितळातून तातडीचं औषध आणायचं. आगगाडी फतेहाबादवरून वळसा घेते, तिच्या भरवशावर औषध सोडता येत नाही. मोटरसायकल जुन्या संस्थानच्या वेळची बीएसए आहे. आवाजाला भरदार, ब्रेकला जरा सावकाश. मला आवडली.

१५ नोव्हेंबर

माधव नगरात दोन खोल्या मिळाल्या. मालक भय्यासाहेब पागनीस, ग्वाल्हेर दरबारच्या मोटरखात्यातून निवृत्त. ह्यांचे पणजोबा शिंद्यांच्या पागेत होते, हे माणूस भेटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मराठी आमच्यासारखीच, पण मधूनच “अपन तो सीधे आदमी हैं, प्रभाकरराव” असं चालतं. मालकीणबाई मंगलाकाकूंनी पहिल्याच दिवशी तळलेले गराडू पाठवले. थंडीत इथे घरोघरी खातात म्हणे. कंदाचेच काप, पण वरचा मसाला फर्मास.

अंगणात पडवीखाली एक जुनी मोटर उभी आहे. मागच्या काचांना पांढरे पडदे, दाराशी रबरी फुग्याचा पितळी भोंगा. पूर्वी पडदानशीन बायकांसाठी असायची. खातं मोडलं तेव्हा भय्यासाहेबांनी ती घेऊन ठेवली. बॅटरी मेली आहे, चाकं विटांवर आहेत. नवी बॅटरी आली की गाडी इंदूरपर्यंत पळेल, असं ते म्हणतात. मंगलाकाकू म्हणतात, हे सात वर्षं ऐकतेय.

शैलूला खेळायला तीच जागा सापडली. दिवसभर पडद्याआड बसते आणि भोंगा वाजवते.

२० नोव्हेंबर

मला शिकवायला अंबिकाप्रसाद आहेत. आधीचे पायलट, आता गुडघा गेला म्हणून लाइनीतच असतात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पहिल्या फेरीनंतर त्यांनी मला विचारलं, “क्यों जबलपुरिया, मोटरसाइकिल चलाते हो कि भैंस हाँकते हो?”

नियम थोडे आहेत. ज्याला न्यायचं त्याला सवारी म्हणायचं, मग मंत्री असो की औषधाची पेटी. पायलटनं मागे वळून पाहायचं नाही. वेगात मान वळली की हँडल वळतं. मागच्या गाडीचा अंदाज कानानं घ्यायचा. मागच्यानं दोनदा भोंगा दिला की त्याचा अर्थ, मी आहे. आपण डावा हात वर करायचा. त्याचा अर्थ, ऐकलं, ये माझ्यामागून. उस्ताद म्हणतात की हा हात म्हणजे वचन. वर गेला की मागची सवारी तुझी झाली.

गाडीला आरसा नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, आइना घर में देखा करो.

हात वर जायची सवय लागावी म्हणून हा म्हातारा मी जेवत असताना मागे येऊन भोंगा वाजवतो. काल हातात भाजीचा घास होता, तसाच हात वर गेला. सगळी लाइन हसत होती. घरी हे सांगितलं ती चूक झाली. आता शैलू मोटरीतून दोनदा भोंगा देते, मी चहा पिता पिता हात वर करतो, मग ती खिदळत तिसरा हलकेच वाजवते. दोन आणि वर एक हळू. तो तिचा स्वतःचा.

२७ नोव्हेंबर

पहिली सवारी पार पडली. एक मंत्री महाकालच्या दर्शनाला आले होते. असे लोक इथे मुक्काम करत नाहीत, गावाचा राजा एकच, महाकाल, म्हणून दिवस कलताना त्यांना बाहेर काढायचं. नानाखेड्याची शेतं मागे पडली आणि सरळ रस्ता लागला तेव्हा फार बरं वाटलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कोवळे गहू, मागे इंजिनाचा एकसारखा आवाज.

सांवेरच्या अलीकडे रस्त्याकडेला एक दगड आहे. तिथे शिंद्यांची हद्द संपून होळकरांची सुरू व्हायची. परवापरवापर्यंत पायलट तिथे थांबत असे. मोटरसायकल उभी करायची, मागे वळून सवारीला सलाम ठोकायचा आणि म्हणायचं, “सवारी सुपूर्द.” पलीकडचा पायलट म्हणायचा, “सवारी कबूल.” मग हा मागे, तो पुढे. संस्थानं गेली तरी दोन जिल्ह्यांनी हा रिवाज चालू ठेवला होता. एक तारखेपासून तो बंद झाला. आता नवं राज्य, पायलट थेट इंदूरपर्यंत.

निघताना उस्तादनी मला बजावलं होतं की हुकूम काहीही असो, दगडाशी थांब आणि सुपूर्द म्हण. मंत्र्यांना घाई होती. मी थांबलो नाही. परतताना एकटाच होतो, तेव्हा रिकाम्या रस्त्याला सलाम करायची लाज वाटली.

४ डिसेंबर

भैरवगढच्या एका छिप्याच्या, कापडावर ठसे छापणाऱ्याच्या, मुलाला घटसर्प झाला. इथलं सीरम संपलेलं. इंदूरहून थर्मासमध्ये घेऊन आलो. डॉक्टर इस्पितळाच्या पायरीवरच उभे होते. मी बाहेर बसून राहिलो. उन्हं उतरायच्या सुमाराला ते आले आणि म्हणाले, घशातला पडदा सुटतोय, वाचला.

एवढा आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

९ डिसेंबर

छिप्या घर शोधत आला. शैलूसाठी ठशांची ओढणी आणली, लाल, काळ्या बुट्ट्यांची. रंग अजून नीट सुकला नव्हता. तिनं ती मोटरीच्या सीटवर अंथरली आहे.

१३ डिसेंबर

पुन्हा सीरम. ह्या वेळी दौलतगंजातली मुलगी, साडेतीन वर्षांची.

परतताना हद्दीचा दगड ओलांडला. पुढे एक मोरी आहे, तिच्यावरून जात असताना मागे भोंगा वाजला. दोनदा. रबरी फुग्याचा, जाड आवाजाचा.

माझा हात वर गेला. मी विचार केलाच नाही. महिनाभर उस्तादनी हेच तर शिकवलं होतं.

मग गावापर्यंत मागे इंजिन ऐकू येत होतं. जुनी गाडी, एक सिलिंडर चुकणारी. कोणीतरी रोगी असेल, पायलट दिसला म्हणून मागे लागला असेल, असं समजून मी वाट काढत आलो. इस्पितळाच्या दरवानानं फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली. नेहमी माझ्यासाठी एकच उघडतो. मी आत आल्यावर तो बाहेर डोकावून पाहत राहिला आणि त्यानं मला विचारलं, “साब, वो परदेवाली गाड़ी किधर गई?”

रस्त्यावर काही नव्हतं.

मुलगी संध्याकाळी गेली.

१४ डिसेंबर

डॉक्टरांना भेटून आलो. मला उशीर झाला का, एवढंच विचारायचं होतं. ते म्हणाले, उशीर मुळीच नाही. बाटलीचं सील शाबूत, तारीख ठीक, पण औषध टोचलं तरी काहीच झालं नाही. पाणी टोचावं तसं. असं त्यांनी आजवर पाहिलेलं नाही.

१९ डिसेंबर

एका बड्या साहेबांची सवारी इंदूरहून आणली. उतरल्यावर त्यांचा ड्रायव्हर माझ्यावर घसरला. तुमच्या आणि आमच्या मध्ये ती पडदेवाली खटारा गाडी कोणाची होती, तिला बाजूला का केलं नाही, सगळी धूळ साहेबांनी खाल्ली. मी म्हटलं, मध्ये गाडी नव्हती. तो म्हणाला, मोरीपासून होती, आणि भोंग्यावर तुम्ही तिला हात दाखवलात.

हात दाखवला होता. भोंगा ह्याच्या गाडीचा, असं मला वाटलं होतं.

आर. आय. साहेबांनी समज दिली. घरी येऊन आधी पडवीखाली गेलो. भय्यासाहेबांची मोटर विटांवरच होती. चाकांवर कोळ्याची जाळी.

२० डिसेंबर

भय्यासाहेबांना सरळच विचारलं, अशी दुसरी गाडी गावात कोणाकडे आहे?

ते म्हणाले, कोणाकडेच नाही. खात्यात जोडी होती. एकाच वेळी आणलेल्या, पडदे एका ताग्यातले, भोंगे एका कारागिराचे. एक ही. दुसरी हद्दीच्या मोरीत गेली.

स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षीची गोष्ट. दिल्लीवर झेंडा लागला होता, पण इथे शिंदे आणि होळकर अजून आपापल्या जागी होते. एका सरदारांच्या नात्यातली बाई होती, तिच्या मुलीला घटसर्प झाला. तिला इंदूरला न्यायचं ठरलं. गाडी मोटरखात्याची, पायलट अंबिकाप्रसाद. हद्दीच्या दगडाशी पोचले तर होळकरांचा पायलट आलेलाच नव्हता. त्यांच्याकडे निरोपच पोचला नव्हता. आपल्या पायलटला वर्दीत परक्या हद्दीत शिरायची मनाई, आणि कबूल झाल्याशिवाय सवारी सोडायची नाही असा दरबारचा हुकूम. थांबले. आत पोरीचा श्वास घरघरत होता. दुपार उलटली. शेवटी बाई पडद्याआडून म्हणाली, मागे फिरा, आपल्याच इस्पितळात चला. अंबिकानं मोटरसायकल वळवली, मागे दोनदा भोंगा झाला, त्यानं हात वर केला आणि निघाला. मागून ड्रायव्हर बेफाम निघाला असणार. गाडी मोरीत उलटली. कोणी वाचलं नाही.

अंबिकाला ते कळलं इस्पितळाच्या फाटकात. त्यानं नियमाप्रमाणे मागे पाहिलंच नव्हतं. उतरून वळला तर रस्ता रिकामा. तो शपथेवर सांगत होता की वाटभर मागे इंजिन चालू होतं, आणि फाटकापाशी भोंगासुद्धा झाला.

भय्यासाहेबांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, बाकी काही म्हणा प्रभाकरराव, नियमात अंबिकाची चूक काढता येत नाही. मी स्वतः कागद पाहिले होते.

२३ डिसेंबर

बाजारातून आरसा आणून हँडलला बसवला. माझं म्हणणं साधं होतं. आरशात पाहणं म्हणजे काही मागे वळणं नव्हे. आणि रस्ता रिकामा दिसला की डोक्यातलं खूळ जाईल.

एका अधिकाऱ्यांना इंदूरला सोडून परतत होतो. स्वच्छ ऊन. मोरीवर भोंगा झाला. मी डावा हात हँडलवर दाबून धरला आणि आरशात पाहिलं.

पांढरे पडदे. जवळ, फार जवळ. पडदा एका कोपऱ्यात वर झाला होता आणि तिथे लहान बोटं होती.

घरी आलो तर शैलू फाटकाशी उभी. म्हणाली, बाबा, तुमच्यामागून आपल्या मोटरीची बहीण आली होती. आत एक मुलगी होती. तिच्या घशात दुखतं. तिनं शैलूला विचारलं, तू तुझ्या बाबांशी कसं खेळतेस? शैलूनं तिला शिकवलं. दोन, आणि मग एक हळू.

विनोदिनी म्हणाली, कसल्या मनाच्या गोष्टी सांगते. फाटकाशी कोणी आलं नव्हतं.

२४ डिसेंबर

उस्तादच्या खोलीवर गेलो. आरशाचं ऐकताच त्यांनी मला शिवी दिली. मग म्हणाले, देखा तो पहचान हो गई. आता तिनं घर पाहिलं.

ते त्या पोरीला दोष देत नाहीत. म्हणतात, तिला औषध पाहिजे, तिला दुसरं काय कळतं? पायलट औषध घेऊन निघाला आणि त्यानं तिला हात दिला, की औषध तिचं. बाटलीत राहतं ते पाणी. म्हणून नऊ वर्षं, जेव्हा जेव्हा त्या वाटेला गेले तेव्हा तेव्हा, दगडाशी तिची सवारी ते सुपूर्द करत. सांवेरच्या ठाण्यातला त्यांचा जोडीदार कबूल म्हणायचा. मग ती गप्प राहायची. त्या जोडीदाराची नोव्हेंबरच्या एक तारखेला बस्तरला बदली झाली. राज्य मोठं झालं ना, म्हणाले.

उपाय एकच. दगडाच्या अलीकडे, इंदूरकडे तोंड करून थांबायचं, त्या दिवशी ते थांबले होते तसं. ती मागे येऊन उभी राहील. पलीकडून वर्दीतला कोणीही आला की वळायचं, सलाम, सुपूर्द. त्यानं कबूल म्हटलं की झालं. पण घेणारा समोर उभा असल्याशिवाय वळायचं नाही. हात वर करायचा नाही. वळलास तर दवा तिची.

सांवेरचा रस्ता टाळून देवासवरून गेलो तर? ते म्हणाले, आता कुठूनही जा, घरीच भेटेल.

मी विचारलं, तुम्ही कधी पाहिलं होतंत? त्यांनी खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक कंदील. भिंतीवर बाईच्या बांगड्या अडकवलेल्या. 

२६ डिसेंबर

शैलूला ताप. आवाज बसला आहे. मंगलाकाकू म्हणतात, थंडी लागली, हळद-दूध द्या.

संध्याकाळी कंदील जवळ धरून घसा पाहिला. मागे पांढरं आहे. राखेसारखं.

२७ डिसेंबर, सकाळ

डॉक्टर येऊन गेले. घटसर्पच. इथे सीरम नाही. इंदूरहून फोनवर सांगितलं की आहे, एक बाटली बाजूला काढून ठेवतो. जीप मंत्र्यांच्या दौऱ्यात, दुसरा पायलट नाही. मीच.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिवस मावळायच्या आत पाहिजे.

भय्यासाहेबांनी परवाच बॅटरी आणली होती. सकाळपासून ते चाकं बसवत आहेत. म्हणाले, प्रभाकरराव, तुम्ही निघा. पोरीचा श्वास कोंडायला लागला तर आम्ही थांबणार नाही. तिला, विनोदिनीला, डॉक्टरांना मोटरीत घालतो आणि तुमच्या दिशेनं निघतो. जिथे भेट होईल तिथे रस्त्यावर टोचतील.

मी नको म्हणालो. हातच जोडले. त्या गाडीत तिला घालू नका. त्यांना वाटलं, मी खर्चाला संकोचतोय.

शैलू ओढणी घेऊन निजली आहे. मला म्हणाली, बाबा, ती मुलगी म्हणते, आधी मला.

दुपार, सांवेर

इंदूरला जाता जाता ठाण्यात सांगितलं होतं की दगडाशी वर्दीतला एक माणूस हवा, आता पुन्हा विचारलं. हवालदार हसला, पण माणूस देतो म्हणाला. त्यांचा शिपाई बाजारच्या बंदोबस्तावर आहे, सुटला की सायकलनं दगडापाशी पाठवतो. नक्की का? “अरे भाई, बोल दिया ना.”

सीरम छातीशी आहे. थर्मास रुमालात बांधून कोटाच्या आत.

दगडापाशी

मोरी ओलांडली तेव्हा भोंगा झाला. हात दिला नाही. गाडी वळवून परत दगडापाशी आलो. इंदूरकडे तोंड. उस्तादनी सांगितलं तसं.

डाव्या हातात ही वही, उजव्यात पेन्सिल. लिहीत राहिलो तर हात वर जात नाही.

समोर रस्ता मोकळा. सायकल नाही. मागे इंजिन नाही, काही नाही. गहू हलतो तेवढाच आवाज. ऊन अजून दगडाच्या माथ्यावर आहे.

थांबलो ही चूक तर नाही? सरळ गेलो असतो तर आत्तापर्यंत नानाखेडं — पण ती मागे आली असती, आणि बाटलीत पाणी. नाही. शिपाई येईल. पाच मिनिटांचं काम आहे.

ऊन खाली सरकलं.

मागून गाडी आली. उज्जैनच्या बाजूनं. जुनी, एक सिलिंडर चुकतंय. माझ्या पाठीशी येऊन थांबली. इंजिन बंद झालं नाही.

दोनदा भोंगा.

हात दिला नाही.

मग एक हळू.

तिला तो शैलूनंच शिकवला आहे. ह्यावरून काही ठरत नाही. काहीच ठरत नाही.

दार उघडल्यासारखं वाजलं. कोणीतरी अहो म्हणालं. विनोदिनीचा आवाज. अहो, शैलूचे बाबा, वळा ना, काय करताय — असंच म्हणाली असती ती. त्या मुलीनं घर पाहिलंय, आवाजही ऐकला असणार. नऊ वर्षांत पडद्याआडून आईचे आवाज —

आत खोकला. कोरडा, पत्र्यावर खडे पडावेत तसा. सकाळी शैलूचा असाच. घटसर्पात सगळ्या पोरांचा असाच.

पुरुषाचा आवाज, प्रभाकरराव, अहो बहिरे झालात काय, बाटली द्या इकडे. भय्यासाहेब. भय्यासाहेबांसारखा. विटांवरून गाडी निघाली असेल का? सकाळी तीन चाकं बसली होती. चौथं —

वळलो आणि ती असली, तर औषध गेलं. वळलो नाही आणि ही माझीच माणसं असली, तर —

नुसती मान वळवून? नाही. आरशाचंही मी असंच म्हणालो होतो.

कोणीतरी माझा दंड धरला आहे. बांगड्यांचा हात. गरम आहे. मी खाली पाहत नाही, वहीकडेच पाहतोय. बांगड्या उस्तादच्या भिंतीवरही होत्या. थर्मास कोपरानं छातीशी घट्ट धरलाय, ती ओढतेय, रडतेय. देणार नाही. शैलूसाठी आहे. शैलूसाठीच —

सुटला. तिनं दंड सोडला.

खोकला थांबला.

आता भोंगा नाही. कोणी बोलत नाही. मागे एक बाई रडते, आवाज न करता, नुसता श्वास.

पायाशी ओढणी येऊन पडली आहे, वाऱ्यानं. लाल. काळ्या बुट्ट्या. त्या मुलीनं ती घरून उचलली असेल. फाटकापर्यंत आली होती ना, मग —

समोर धूळ. सायकल. खाकी वर्दी, सांवेरचाच. घंटी वाजवत येतोय. आता तो दगडाशी उतरेल. मी वळेन, सलाम करीन, सुपूर्द म्हणेन, तो कबूल म्हणेल, आणि मग मागे जे कोणी आहे ते मला —